बदामाच्या पानांचं पाणी

काकूंनी जेवण सोडलं तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. सोडलं म्हणजे रुसून नव्हे. पाटावर बसायच्या, घास हातात घ्यायच्या आणि तो कशाला घेतला हेच विसरून जायच्या. मग हात तसाच अधांतरी. काका म्हणायचे, "अगं, खा ना." त्या म्हणायच्या, "खाल्लं की आत्ताच."

काका-काकू म्हणजे आमचे घरमालक. गारखेड्यात त्यांचं बैठं घर होतं आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली. त्या खोलीत मी आणि आमचे हे. हे वाळूजला कंपनीत ठेक्यावर होते, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. मी भंडाऱ्याकडची. आमच्या गावाला मोठा तलाव आहे आणि माझे बाबा त्यात जाळं टाकायचे. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. घरात चूल पेटवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून शाळा सुटली. लग्न होऊन या शहरात आले तेव्हा त्याचं नाव औरंगाबाद होतं, आणि मला त्या नावाचीसुद्धा भीती वाटायची. कुठलीही पाटी मला पटकन वाचता येत नव्हती. बस चुकेल, चावी हरवेल, नळ चालू राहील आणि मालक खोली खाली करायला सांगतील, या धास्तीत माझे दिवस जायचे.

ती धास्ती काकूंनी घालवली. पूर्ण नाही, पण बरीचशी. पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला. ह्यांना सुट्टी मिळेना. माझ्या माहेरचं कोणी इतक्या लांब येणं शक्य नव्हतं. काकूंनी मला खाली आपल्या खोलीत आणून झोपवलं, तांदळाची पेज पाजली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. मी तापात म्हणत होते, "कायले करता जी इतकं?" तर त्या हसत होत्या. "तुझं हे 'कायले' लई गोड लागतंय बघ. बरी झालीस की रोज म्हणून दाखवायचं." काकू गंगापूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलणं तुटक, पण हात मऊ.

त्या काकूंना आता माझं नाव आठवायचं नाही. "ती वरची" म्हणायच्या. दुपारी कळशी घेऊन बाहेर पडायच्या. आम्ही शोधायला निघायचो तर कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीच्या तळघराशी उभ्या. तिथं पूर्वी हातपंप होता. आता गाड्या लावायची जागा. वॉचमनला विचारत असायच्या, "हापसा कुठं नेला रं?"

पुण्याहून त्यांच्या मुलाचा रोज फोन यायचा. चांगला मुलगा, उगाच वाईट का सांगू. म्हणायचा, "बाबा, आई जेवत नाही, घराबाहेर जाते. तुम्ही दोघं इकडं या. तिच्यासाठी इथं सोय करू. घराचं बघू काय करायचं." घराचं काय करायचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गल्लीत एकामागून एक बैठी घरं बिल्डरला जात होती. काका म्हणायचे, "इथं तिला दारं-खिडक्या तरी ओळखीच्या आहेत. तिथं नेली तर तेवढंही जाईल." शेवटी बाप-लेकाचं ठरलं की दिवाळीपर्यंत बघायचं. काकू जेवायला लागल्या, घरात थांबायला लागल्या तर इथंच राहायचं. नाहीतर पुणे.

माशांची गोष्ट तिथून सुरू झाली. माळ्यावर मुलाच्या शाळेतल्या दिवसांची काचेची टाकी पडून होती. काका एक दिवस म्हणाले, "तेव्हा ही त्याला भरवायची ती टाकीसमोर बसून. मासे बघत बघत तोही खायचा अन् हीपण खायची." मी टाकी खाली काढून पुसली. काकू काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "मासे कुठंत?"

जुन्या शहरात माशांचं एक दुकान होतं. मी आणि काका रिक्षाने गेलो. दुकानदार भाई जुन्या काळचे, बोलणं गोड. मी सांगितलं, पाणी फार बदलता येणार नाही, दुष्काळ आहे. जागा कमी आहे. आणि बघणाऱ्या बाईला एकाच जागी बसून खूप वेळ बघता येईल असं काहीतरी पाहिजे. ते विचार करत म्हणाले, "भाभी, फिर गोल्डफिश नक्को. वो बहुत गंदगी करती. ये देखो." कोपऱ्यातल्या टाकीत बोटाएवढा एक मासा होता. पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा पंख, शेपटीवर शेंदरी ठिपके. बाजूला त्याची मादी, त्याच्या निम्मी, फिकट. ड्वार्फ सिक्लिड म्हणायचे त्याला. बुटका. पण त्याचा तोरा! पाण्यात पोहत नव्हता, घरात फिरत होता. खाली वाळूत जरा फुंकर मारायची, एक पान उलटून बघायचं, काचेशी येऊन आपल्याला न्याहाळायचं.

माझे बाबा मासा हातात घेतला की वजन सांगायचे. मासा आपल्याकडे बघतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

भाईंनी सांगितलं की याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे मऊ पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड, भांड्यावर पांढरं बसतं ना, ते चालत नाही. फिल्टरच्या मशीनचं पाणी द्यायचं आणि त्यात बदामाची वाळलेली पानं टाकायची. पाणी चहासारखं होतं, ते बघून घाबरायचं नाही, याच्या मूळच्या नदीत तसंच असतं. दुसरी गोष्ट म्हणजे सोबत. याला एकटं ठेवलं तर भेदरून बिळात बसतो. वरच्या पाण्यात छोटे, गरीब मासे मोकळे फिरताना दिसले की याला कळतं, वर घार नाही, बगळा नाही, मग हा बाहेर येतो. "पर सोहबत सोच के देना. तेज मछली दी तो ये मर जाएगी, और नीचे बैठनेवाली दी तो अंडे खा जाएगी." म्हणून त्यांनी एम्बर टेट्रा निवडून दिले. केशराच्या काड्यांएवढे, तसल्याच रंगाचे. पण लगेच काही दिलं नाही. आधी टाकी तयार करा म्हणाले. स्वतःच्या टाकीतला वापरलेला स्पंज मात्र पिशवीत घालून दिला, त्यातल्या चांगल्या जंतूंनी आमचं पाणी लवकर तयार व्हावं म्हणून.

रिक्षात काका म्हणाले, "म्हणजे तू आमची टेट्रा. तू खाली वावरलीस की ही शांत असते." मी लाजले. पण ते खरं होतं. मी स्वयंपाकघरात काही गुणगुणत असले की काकू दाराकडे जात नसत.

टाकी भरली, पण त्याला फार दिवस लागले. वाळू गल्लीतल्या बांधकामावरून मागून आणली. भाईंनी सांगितल्याप्रमाणे लिंबू पिळून बघितलं, फेस आला नाही, म्हणजे वाळूत पाणी जड करणारा चुना नव्हता. वाळू धुवायला पाणी पाहिजे आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही येईल तेव्हा खरं. मी भांडी विसळलेल्या पाण्याने धूत राहिले आणि तेच पाणी पुन्हा तगरीला घातलं. नारळाची करवंटी उकळून, तिला कडेला खाच पाडून पालथी ठेवली, ते माशांचं घर. बदामाची पानं आमच्याच रस्त्यावर पडायची. मी ती वेचून, पुसून, गच्चीवर वाळवायची. फिल्टरच्या मशीनमधून जे पाणी वाया जायचं ते लादी पुसायला, आणि जे चांगलं निघायचं ते थोडं आम्हाला, थोडं टाकीला.

टँकरच्या रांगेत शेजारच्या बाईंनी मला गाठलंच. "व्हय गं, आमच्या लेकरांना बोअरचं खारं पाणी अन् तुमच्या मासोळ्यांना फिल्टरचं? लई लाड चाललेत!"

काका मागे हंडा धरून उभे होते. ते म्हणाले, "मासोळ्यांचे नाहीत, वहिनी. हिचे चाललेत." आणि त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत काकू बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी स्वतःच्या अंगणातली वाळलेली बदामाची पानं पिशवीत घालून दारात ठेवली.

पाणी तयार होईपर्यंत टाकी रिकामीच होती. पंपाचे बुडबुडे तेवढे निघायचे. काकू समोर खुर्चीवर बसून रोज विचारायच्या, "मासे कुठंत?" मी म्हणायची, "अजून यायचेत, काकू. पाणी मुरायचंय." "व्हय व्हय," त्या समजुतीनं म्हणायच्या, "लोणच्यासारखं. मुरू दे. घाई नको करू." आणि वाट बघत बसायच्या. नुसती वाट बघतानासुद्धा त्यांनी दोनेक घास जास्त खाल्ले. काकांनी ते मला खुणेनं दाखवलं.

मग टेट्रा आले, आणि ते रुळल्यावर जोडी आली. जोडी पहिले दिवस करवंटीत दडून होती. वर केशराच्या काड्या फिरत राहिल्या, आणि एका सकाळी तुरेवाला बाहेर येऊन काकूंच्या समोर काचेशी थांबला. काकूंनी घास हातात घेतला होता. तो तसाच तोंडात गेला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला ओरडावंसं वाटलं.

त्यानंतर काकू जेवू लागल्या. टाकीसमोर पाट, पाटावर ताट. हापशाकडे जाणंही थांबलं. काका मुलाला फोनवर सांगायचे, "आज भाकरी पूर्ण. वर ताक." आवाज असा की जणू पोरीला नोकरी लागली.

पावसाळा आला तसाच कोरडा गेला. भाद्रपदात मादी पिवळी पडली. मला वाटलं आजारी आहे. काकांनी भाईंना फोन लावला तर ते पलीकडून हसले. "मुबारक हो, अंडे दिए." करवंटीच्या छताला आतून तांबूस अंडी चिकटलेली होती आणि ती हळदीच्या रंगाची एवढीशी बाई दारावर पहारा देत होती. तुरेवाला जवळ आला की त्याच्यावर धावून जायची. तो तिच्या दुप्पट, पण शेपूट आवळून पळायचा.

काकू खुदकन हसल्या. "नवऱ्याला घरात घेईना बघ ही. बाळंतीण हाय, व्हय ना?" आणि काकांकडे वळून म्हणाल्या, "तुमाला मीपण घेत नव्हते आत."

काका वर्तमानपत्र खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. किती महिन्यांनी काकूंना काका कोण आहेत हे आठवलं होतं.

पिल्लं निघाली. डोळ्यातल्या कुसळाएवढी. हळदीची पुढे आणि वाळूवरून सरकणारा तो कुसळांचा ढग मागे. काकू त्यांना रोज नव्यानं बघायच्या आणि रोज नव्यानं आनंदायच्या. दिवाळी जवळ आली होती. मुलगा म्हणाला होता, "मी येतो, आईला बघतो, मग ठरवू." काका निर्धास्त होते. मी पहिल्यांदाच देवाकडे काही न मागता नुसता नमस्कार करून आले.

ते दिवाळीच्या आधीचे दिवस. नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून दुपारी टँकर आला. काका आणि मी, दोघंही गल्लीत. नळी धरायला एक, ड्रम सरकवायला एक, असं करावंच लागायचं. काकू टाकीसमोर शांत बसल्या होत्या. आदल्याच दिवशी मी टाकीत नवी पानं टाकली होती आणि पाणी चांगलं तांबूस झालं होतं.

आत आले तेव्हा आधी मला काकूंचा हात दिसला. बाही कोपरापर्यंत वर सारलेली, हात टाकीत, आणि हात गोल गोल फिरत होता. हळू, एका लयीत. घरातली कोणतीही बाई भरलेल्या ड्रममध्ये तुरटी फिरवते तसा. आमच्याकडे टँकरचं गढूळ पाणी आलं की दर वेळी तेच करायचं. ड्रमशेजारच्या वाटीतला तुरटीचा खडा त्यांनी घेतला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून ते काम त्यांचंच होतं. माझं नाव गेलं, मुलाचं गेलं, हापसा कुठं गेला ते कळेना, पण हे हातातून गेलं नव्हतं.

मला बघून त्या प्रसन्न हसल्या. "लई घाण पाणी दिलं गं मेल्यांनी आज. बघ, कसं निवळलं."

खरंच निवळलं होतं. तांबूस रंग खाली बसला होता. पाणी काचेसारखं दिसत होतं. आणि त्या स्वच्छ पाण्यात केशराच्या काड्या वर तोंड काढून श्वास घ्यायला धडपडत होत्या.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. शर्ट ओला, हातात नळीचं टोक. त्यांना सगळं एका नजरेत कळलं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हो," ते काकूंना म्हणाले. "छान निवळलं. दमली असशील. ये, हात पूस."

मी होतं नव्हतं तेवढं फिल्टरचं पाणी बादलीत ओतलं, मासे त्यात टाकले, स्पंजही टाकला. काका भाईंशी फोनवर बोलत होते. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं. हळदीची सगळ्यात शेवटी. पिल्लं कुठं गेली कळलंच नाही, वाळूतच मिसळली असतील.

भाई नंतर म्हणाले की साध्या बोअरच्या पाण्यात तुरटीनं एवढं झालं नसतं. जड पाणी ती तुरटी सोसून घेतं. आम्ही पाणी मऊ केलं होतं, त्यात तिला धरून ठेवायला काही नव्हतं. हे त्यांनी दोष द्यायला नाही, समजावायला सांगितलं. पण मी ते अजून विसरू शकत नाही. इतक्या जपून, थेंब थेंब वाचवून आम्ही जे केलं, त्यानंच ते इतके नाजूक झाले होते.

दुसऱ्या दिवशी काकू खुर्चीवर बसल्या. "मासे कुठंत?"

काका खोटं न बोलणारे. ते म्हणाले, "मेले गं."

काकू रडल्या. लहान मुलासारखं, तोंड उघडून. "कुणी मारलं? काय केलं त्यांनी कुणाचं?" काका म्हणाले, "कुणी नाही. पाणी बाधलं." थोड्या वेळानं त्या विसरल्या आणि पुन्हा टाकीकडे बघून म्हणाल्या, "मासे कुठंत?" पुन्हा तेच, पुन्हा तेवढंच रडणं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. ताट तसंच. घास अधांतरी.

असं रोज चाललं. काका उत्तर द्यायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडायचे, पण नळाला पाणी नसायचं. माझ्यानं बघवेना. एक दिवस काकांच्या आधी मीच बोलले, "अजून यायचेत, काकू. पाणी मुरायचंय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग चेहरा निवळला. "व्हय व्हय. मुरू दे."

काका माझ्यावर रागावतील अशी मला भीती वाटली. पण दुसऱ्या दिवशी मी ऐकलं, ते स्वतःच सांगत होते, "अजून यायचेत." ते शब्द त्यांच्या तोंडून नीट निघत नव्हते.

पण तोवर मुलगा येऊन पोचला होता. त्यानं आईला बघितलं. हाडं वर आलेली, मधल्या दिवसांत पुन्हा कळशी घेऊन बाहेर गेलेली, कुठंतरी पडून गुडघा फुटलेला. नवे मासे आणू, मी म्हणाले. काका म्हणाले, "आणि पुन्हा तिचा हात गेला तर? तिच्या हातून पुन्हा तेच नको." मुलानं वडिलांना जवळ घेतलं. दोघंही रडले. कोणाचंच चुकत नव्हतं, म्हणून कोणाला काही म्हणताही येत नव्हतं.

दिवाळी झाली आणि ते पुण्याला गेले. निघताना काकू गाडीत बसेनात. "मासे यायचेत, मी कशी जाऊ?" म्हणत होत्या. मी म्हणाले, "मी आहे ना जी इथं. मी बघते." तेव्हा बसल्या. खिडकीतून मला म्हणाल्या, "तू ती 'कायले' म्हणणारी ना?"

त्यानंतर त्यांनी मला ओळखलं नाही.

टाकी काकांनी मला दिली. घर पुढच्या वर्षी पाडलं. तिथं आता चार मजले आहेत. आम्ही बजाजनगरला खोली घेतली, टाकी तिथं नेली. काका आठवड्यातून एकदा फोन करायचे. म्हणायचे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती भिंतीकडे तोंड करून बसते. दारं-खिडक्या कुठं आहेत ते तिला सापडत नाही. पण रोज एक गोष्ट विचारते. मी विचारायची, "काय सांगता तुम्ही?" ते म्हणायचे, "तेच. ती पोरगी आणतेय म्हणतो."

शेवटच्या वेळी त्यांनी फोन काकूंच्या कानाला लावला. आवाज इतका बारीक झाला होता की मी हातातलं काम टाकून, कान दाबून ऐकत होते.

"आले का गं?"

माझ्यासमोर रिकामी टाकी होती. मी तिच्यात पाणी भरून ठेवलं होतं, पंपही चालू होता, वर बदामाचं एक पान तरंगत होतं. का ठेवलं होतं, मलाही सांगता येत नाही.

"येतायत, काकू. पाणी मुरतंय अजून."

"बरं," त्या म्हणाल्या. "मुरू दे. घाई नको करू."